खालच्यांना त्रास नको

माझी वहिनी चालते तेव्हा आवाज होत नाही. आपण भांडी घासत असावं आणि मागे वळून बघावं, तर ही केव्हाची येऊन उभी. हातातलं भांडं पडतं, आणि मग तीच म्हणते, "हळू हो वन्सं, खालच्यांना त्रास होईल." लग्न होऊन आली तेव्हा माझी आई विचारायची, ही सून आणली आहे का मांजर? मला तिच्या त्या चालण्याचा तेव्हापासून राग आहे. माणूस घरात आहे हे घराला तरी कळू दे की.

तिचं नाव मेंग सुनिम. बुआनच्या किनाऱ्याकडची, खाजणातल्या गावातली. तिकडच्या घराला कागदी दारं होती. बाप घोरायला लागला की शेजारच्या घरातल्यांना ऐकू जायचं आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. समोरच्यांची गाय हंबरली, शेजारणीचं पोर रडलं, कुणी नवऱ्याशी भांडलं, सगळं सगळ्यांचं. आवाजाबद्दल तक्रार करता येते, हे तिला सोळाव्या वर्षी सेऊलला आल्यावर कळलं.

ती गुरोच्या एका कारखान्यात शिवणयंत्रावर बसायची. राहायला 'पोळं' होतं, म्हणजे लोक त्या घरांना तसंच म्हणायचे. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, खोलीत चार पोरी आणि मधली भिंत प्लायवुडची. दिवसपाळीवाल्या निघाल्या की रात्रपाळीवाल्या त्याच गाद्यांवर आडव्या व्हायच्या. एकदा वहिनीच्या हातून डब्याचं झाकण फरशीवर पडलं. शेजारच्या खोलीतली रात्रपाळीची मुलगी उठून आली, दारात उभी राहिली आणि एक शब्द न बोलता रडायला लागली. "तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं," वहिनी अजून सांगते. त्या दिवसापासून हिने टाच जमिनीला लावली नाही.

गंमत अशी की त्या यंत्रांच्या खडखडाटाने तिचे कान गेले. अगदी बहिरी नाही, पण उजव्या बाजूने बोललेलं तिला पोचत नाही आणि बारीकसारीक आवाज तर नाहीच. जिला स्वतःला धड ऐकू येत नाही, ती जन्मभर दुसऱ्यांचे कान सांभाळत बसली.

लग्नानंतर ती आणि माझा भाऊ दुसऱ्यांच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन राहिले. माझा भाऊ प्यो ग्वांगसिक, मी त्याला दादा म्हणते, शहर बस चालवायचा. त्यांचा ग्योंगमो तान्हा असताना रात्री रडला की घरमालकीण भिंतीवर मूठ आपटायची. मग वहिनी पोराला पाठीशी बांधून गल्लीत येरझाऱ्या घालायची, बर्फ पडत असला तरी. तिथून ते अर्ध्या तळघरात गेले. खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांचे बूट दिसायचे, भिंतीला बुरशी, आणि डोक्यावर मालकाची तीन पोरं दिवसभर उड्या मारायची. मी म्हटलं, कसल्या बिळात येऊन पडलात. पण माझ्या मते वहिनी सगळ्यात सुखात राहिली ती तिथेच. कारण खाली कुणी नव्हतं. ती जमिनीवर खल ठेवून खुशाल लसूण कुटायची.

मग बुचॉनचा फ्लॅट घेतला, पाच मजली जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, चारशे दोन. लिफ्ट नाही. आम्ही सगळे अभिनंदन करायला गेलो, तर ही खाली वाकून बोटाच्या पेराने जमीन वाजवून बघत होती. "पातळ आहे," म्हणाली. झालं. टेनिसचे चेंडू कापून खुर्च्यांच्या पायांना बसवले. धुण्याचं यंत्र फक्त दुपारी लागणार. लसूण कुटायचा तर मांडीवर उशी, उशीवर खल, आणि कुटणं कसलं, रगडणंच. किमची घालायच्या दिवसांत मला ते बघवायचं नाही, मी उठून माझ्या दुकानात निघून यायची. माझं बाजारात तोंडीलावणी विकायचं दुकान आहे, तिथे मी लसूण कसा कुटते ते तीन गाळे सोडून माहीत असतं.

ग्योंगमो आता सोंगदोला नव्या टॉवरमध्ये राहतो, ढगात. तिथे म्हणे जमिनीखाली जाड थर घातलाय, वरच्याचं काही खाली येत नाही. तरी सूनबाईंनी घरभर रबरी गाद्या अंथरल्यात, आणि लिफ्टमध्ये 'मुलांना पळू देऊ नका' अशी पाटी आहेच. दादा एक रात्र राहून आला आणि म्हणाला, "इथे मी मेलो तरी कुणाला ऐकू जायचं नाही. आपलं बुचॉनच बरं."

मागच्या शरदात दादाला झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. पण बस चालवून चालवून माणूस चिवट झालेला. इस्पितळातून घरी आला तो चार पायांची काठी टेकत, स्वतःच्या पायांनी. सोडताना डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं, पहिले सहा महिने रोज चालवा. जे परत यायचं ते याच दिवसांत येतं, नंतर फार आशा ठेवू नका. दादाने आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं, पण हे ऐकलं.

बाहेर चालणं शक्य नव्हतं. चार मजले उतरायचे तर दोन माणसं धरायला लागायची, आणि खाली पायऱ्यांवर बर्फ साचायला लागलेला. म्हणून घर हाच रस्ता. बैठकीच्या खोलीतून निघायचं, स्वयंपाकघर, मोरी, मागची गॅलरी, आणि परत. दादा प्रत्येक ठिकाणी थांबून जड जिभेने थांब्याचं नाव पुकारायचा. स्वयंपाकघर म्हणजे बाजार. मोरी म्हणजे पूल. "पूल आला, उतरणाऱ्यांनी पुढे या," असं म्हणून तो मोरीच्या दाराला टेकायचा आणि मी हसायची. त्याचा डावा पाय फरपटत यायचा, पण रोज थोडा कमी फरपटायचा. मला ते दिसत होतं.

एक दिवस सकाळी मी सूप घेऊन गेले होते, तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. खाली रखवालदाराच्या खोलीतून ब्योनभाऊ बोलत होते. ब्योनभाऊ म्हणजे सरळ बोलतील तर शपथ.

"चारशे दोन ना? आजी, जेवण झालं का? नाही, विशेष काही नाही. तीनशे दोनमधून विचारत होत्या, वरून ठकठक ऐकू येते म्हणून. तुम्हाला माहीत असावं, एवढंच."

"चुकलं हो, चुकलं आमचं," वहिनी भिंतीसमोरच वाकायला लागली. "हे काठी घेऊन चालतात ना. काळजी घेते मी."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "वहिनी, आधी विचारायचं तरी, कसली ठकठक, कधी होते."

"त्यात विचारायचं काय? त्यांच्या वर आपणच आहोत."

"वर आपण आहोत म्हणून आवाज आपलाच का?"

"मग काय आभाळाचा?" ती म्हणाली, आणि एप्रनला हात पुसून बाजारात गेली. परत आली ती नासपतींची पेटी घेऊन. देवाला ठेवायच्या असतात तसल्या, एकेक कागदात गुंडाळलेल्या. पेटी रुमालात बांधून ती जिना उतरली. एकटी जाऊन काय काय कबूल करून येईल या भीतीने मीही मागे गेले.

तीनशे दोनचं दार उघडायला वेळ लागला. चाळिशीची बाई होती, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. दाराच्या आत पहाटे घरपोच सामान देणाऱ्या कुठल्यातरी कंपनीचं जाकीट टांगलेलं होतं. वहिनी दारातच कमरेतून वाकली.

"आमच्यामुळे तुमची झोपमोड होते. माफ करा."

बाई गोंधळली. "अहो आजी, एवढं कशाला? मी फक्त रखवालदारांना विचारलं, इमारतीत कुणाकडे काही काम चाललंय का म्हणून. मी गोदामात रात्रपाळी करते, सकाळी झोपते."

"आमचे हे आजारातून उठलेत. काठीने चालतात. त्याचाच आवाज."

"काठी," बाई म्हणाली. "अच्छा, काठी होय." तिने वर छताकडे बघितलं. मग पेटीकडे बघून नको नको म्हणाली, वहिनीने घ्या घ्या म्हटलं, आणि असं बराच वेळ चाललं. शेवटी पेटी आत गेली.

जिना चढताना मी म्हटलं, "तिला काठीचं माहीतसुद्धा नव्हतं. तू सांगितलंस. आता तिला काठीच ऐकू येणार."

"ती रात्रपाळीची आहे हो वन्सं," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चारशे दोनच्या दाराच्या मुठीला एक पिशवी अडकवलेली होती. आत घरात घालायच्या जाड तळव्यांच्या चपला, दोन जोड. आमच्याकडे वरच्या मजल्यावरच्याला अशा चपला देणं म्हणजे 'पाय हळू टाका' असं सांगणं, ते शेंबड्या पोरालाही कळतं.

"बघा," वहिनी म्हणाली. "बोलली नाही बिचारी, पण सांगितलं."

"नासपतींची परतफेड असेल," मी म्हटलं. "रिकाम्या हाती राहायला लाजली असेल."

दादाने एक चप्पल उजव्या पायात चढवून बघितली. "माप कसं कळलं तिला?" म्हणाला. मी हसले. वहिनी हसली नाही. तिने ग्योंगमोला फोन केला, आणि रविवारी तो रबरी गाद्या घेऊन आला. बैठकीपासून गॅलरीपर्यंत सगळं घर अंथरून टाकलं. जाड, मऊ, निळ्या रंगाच्या. आवाज खरंच बंद झाला. पण काठीचे चारही पाय त्यात रुतायचे आणि दादाचा डावा पाय प्रत्येक सांध्यावर अडायचा. तो थांब्यांची नावं पुकारायचा बंद झाला, सगळं लक्ष पायाकडे. आणि आठवड्याच्या आत तो मोरीपाशी सांध्याला अडखळून आडवा झाला. अख्खा माणूस, धाडकन.

मी तेव्हा तिथेच होते. हाड मोडलं नाही. मी त्याच्या डोक्याखाली हात घालत होते आणि वहिनी दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी होती. तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "खालच्या जाग्या झाल्या असतील."

मला त्या क्षणी तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. खरंच सांगते. पण दादानेही ते ऐकलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि त्याला खुर्चीत बसवल्यावर म्हणाला, "राहू दे आता."

तेव्हापासून तो बसला. मी येऊन भांडायची.

"डॉक्टर काय म्हणाले होते, वहिनी? सहा महिने. हे सहा महिने परत येणार आहेत का?"

"थंडी संपू दे. बर्फ गेला की ग्योंगमोला बोलावून खाली अंगणात चालवू. तिथे खाली कुणी नाही."

"आणि तोवर?"

"दिवसा झोप मिळाली नाही तर माणसाचं काय होतं ते मी पाहिलंय."

"आणि हा बसून राहिला तर याचं काय होईल, ते कधी पाहणार?"

ती टीव्हीचा आवाज आणखी कमी करायची. खरं तर मी तिच्याशी भांडून भांडून दमले होते. दुकान, घर, हे चार मजले, आणि वर जाऊन तेच ते. दादा तर दोघींकडेही बघायचा नाही. आणि वहिनीजवळ एक उत्तर होतं ज्यापुढे माझं काही चालायचं नाही. "बघा वन्सं, हे बसले तेव्हापासून खालून एकदासुद्धा फोन नाही आला." आणि ते खरं होतं. सबंध हिवाळ्यात एकदाही भिंतीवरचा फोन वाजला नाही.

नव्या वर्षाच्या सणाला ग्योंगमोची मुलगी आली तर तिला सबंध दिवस गादीवर बसवून ठेवलं. दादाची पोटरी तोवर माझ्या मनगटाएवढी झाली होती. गुडघा वाकलेला तो वाकलेलाच. घरी येऊन मालिश करणारी बाई म्हणाली, आजोबा, आता हा सरळ व्हायचा नाही हो. दादाने मान डोलावली, जसा काही बसचा थांबा चुकलाय आणि पुढच्याला उतरायचंय. बर्फ वितळल्यावर ग्योंगमो आला, आम्ही दादाला खाली नेलं, बाकाजवळ उभं केलं. तो उभा राहिला नाही. आमच्या हातांवर लोंबकळला. वर आणताना वहिनी त्याची काठी घेऊन मागून येत होती. त्यानंतर चाकांची खुर्ची आली.

वसंतात एका सकाळी मी दादाला लापशी भरवत होते, तेव्हा दार वाजलं. तीनशे दोनवाली होती. तिने बाहेरच उभं राहून आपलं नाव सांगितलं, युन ह्येरान, जणू आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो. अंगावर तेच जाकीट, हात रिकामे. बूट न काढता ती उंबऱ्याशीच थांबली.

"आजी, रागावू नका," ती म्हणाली. "मी हिवाळाभर काही बोलले नाही. तुम्ही एवढ्या नासपती घेऊन आलात, आजोबा आजारी, मग मी कुठल्या तोंडाने बोलणार? कानात बोळे घालून झोपले. मग सार्वजनिक न्हाणीघरात पैसे भरून तिथल्या गरम खोलीत झोपायला जायला लागले. पण रोज रोज कसं जमणार. परवा कामावर सामानाच्या सरकत्या पट्ट्यासमोर उभ्या उभ्या मला डुलकी लागली, हात थोडक्यात वाचला. आजोबांना दुपारनंतर नाही का चालता येणार? सकाळचे थोडे तास सोडून?"

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नसावं, म्हणून मी डाव्या कानाशी जाऊन पुन्हा सांगणार होते. पण तिला ऐकू आलं होतं. ती दारातून बाजूला झाली. दार ते बैठक सरळ रेष आहे, तिथून दादा दिसत होता. चाकांच्या खुर्चीत, मांडीवर पांघरूण, दोन्ही पाय फळीवर ठेवलेले.

"हे हिवाळ्यापासून उठलेले नाहीत," वहिनी म्हणाली.

बाई काही बोलायच्या आत आवाज आला. ठक, ठक, ठक. मग जरा थांबून पुन्हा. स्वयंपाकघराच्या भिंतीतून येत होता, वरच्या कोपऱ्यातून. मी त्या घरात इतक्यांदा सकाळची बसले होते, पण तो ऐकून न ऐकल्यासारखाच केला होता. इमारतीत काही ना काही वाजतच असतं.

"हाच," बाई म्हणाली. तिने दादाच्या पायांकडे बघितलं, मग भिंतीकडे, आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

मी वर गेले. आमच्या डोक्यावरचं पाचशे दोन कधीचं रिकामं होतं. आवाज पाचशे एकमधून येत होता, बाजूच्या घरातून. तिथली बाई घरी चामड्याच्या पिशव्या बनवून विकते. टेबलावर चामडं, त्यावर लोखंडी ठसा, आणि हातात लाकडी हातोडी. मी काय विचारते ते कळल्यावर ती घाबरी झाली. "मी सकाळी नऊच्या आधी कधीच सुरू करत नाही हो. आणि खाली चारशे एकला दर महिन्याला जाऊन विचारते, त्रास होतो का म्हणून. ते म्हणतात, आम्हाला काहीच ऐकू येत नाही." तिनेही सगळं रीतीप्रमाणेच केलं होतं. आवाज सरळ खाली न जाता भिंतीतून तिरका उतरत होता, आणि ते तपासायला कुणाला सुचलं नव्हतं. आम्ही सगळे आपापल्या थेट खालच्याची माफी मागत बसलो होतो.

परत आले तर वहिनी आणि ती बाई एकमेकींना वाकत होत्या. "माझंच चुकलं, मी कशाला विचारलं रखवालदारांना," ती म्हणत होती. "नाही नाही, आमचंच चुकलं," वहिनी म्हणत होती. मला दोघींनाही गप्प करावंसं वाटलं, पण ओरडायला अंगात जोर नव्हता. मी बघून आलेलं सांगितलं, पिशव्या, हातोडी, भिंत, सगळं. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती ते पुसत नव्हती.

दादा मघापासून ऐकत होता. त्याने जीभ जुळवायला वेळ घेतला.

"म्हणजे मी नव्हतो."

"नाही," वहिनी म्हणाली. "तुम्ही नव्हता."

"मग आता चालू का?"

वहिनी त्याच्याजवळ गेली. "हो," ती म्हणाली. "चाला."

त्याने मांडीवरचं पांघरूण बाजूला केलं, उजव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला आणि जोर लावला. त्याच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. आम्ही तिघी उभ्या होतो, आणि कुणीच धरायला पुढे झालं नाही, कारण धरून उपयोग नाही हे तिघींनाही दिसत होतं. त्याने दम घेतला, पुन्हा जोर लावला, पुन्हा दम घेतला.

"काठी दे," तो वहिनीला म्हणाला. "काठी नाही ना हातात, म्हणून होत नाहीये."

वहिनी काठी आणायला आत गेली.